सरकारी दवाखान्यात डॉक्टर का नसतो, आणि तिथवर जायची वाट कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं वैद्यकीय अधिकारी होते. त्यामुळे हे प्रश्न मला दोन्हीकडून येतात. गावाकडून येणारे प्रश्न रागाचे असतात आणि मेडिकलच्या होस्टेलमधून येणारे धास्तीचे. गावाला वाटतं डॉक्टर यायला तयार नाहीत. पोरांना वाटतं एकदा तिकडे गेलो की अडकलो. दोघांचंही थोडं खरं आहे. सगळी उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

दरवर्षी हजारो डॉक्टर बाहेर पडतात. मग आमच्या केंद्राला कुलूप का?

डॉक्टर घडतात एकीकडे आणि लागतात दुसरीकडे, म्हणून. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. दहा वर्षांत त्या दुपटीहून जास्त झाल्या आणि वैद्यकीय महाविद्यालयं ३८७ वरून ७८० वर गेली. सरकार संसदेत ८११ माणसांमागे एक डॉक्टर असं प्रमाण सांगतं. हा आकडा काढताना नोंदणी असलेल्या डॉक्टरांपैकी ८० टक्के काम करतात असं धरलेलं असतं आणि आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे पदवीधरही त्यात मोजलेले असतात. पुण्याच्या एखाद्या रस्त्यावरचे वीस दवाखाने आणि धडगावच्या पाड्यातला शून्य यांची सरासरी काढली की आकडा चांगलाच येणार.

खरी स्थिती बघायची तर केंद्राच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत बघावी. २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, निकषांप्रमाणे लागणाऱ्या शल्यचिकित्सकांपैकी ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञांपैकी ८१.६ टक्के, फिजिशियनपैकी ७९.१ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ७४.२ टक्के कमी होते. एमबीबीएस डॉक्टरांची चणचण आहेच, पण ती बरीच भरून काढता येते. विशेषज्ञांचं भगदाड मात्र फार मोठं आहे, आणि पेशंट मरतो तो बहुतेक तिथेच.

निकषाप्रमाणे आमच्याकडे काय असायला हवं?

सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ला एक ग्रामीण रुग्णालय. आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,०००. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात साधारण दोन वैद्यकीय अधिकारी मंजूर असतात. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, तर उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं असतं.

चौकशी केली की 'पद भरलेलं आहे' असं उत्तर येतं. मग डॉक्टर दिसत का नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. बाहेरच्या माणसाला यातली मेख कळत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

पद भरलेलं असणं आणि डॉक्टर हजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरची नेमणूक तुमच्या केंद्रात असते, पगारही तिथूनच निघतो, पण तो प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करत असतो. किंवा त्याच्याकडे शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार असतो आणि आठवडा दोन ओपीडींत वाटला जातो. किंवा तो पदव्युत्तर शिक्षणाला गेलेला असतो; पद त्याच्या नावावर अडकून राहतं आणि बदली माणूस कंत्राटी, ११ महिन्यांच्या आदेशावर. त्यात मीटिंगा, प्रशिक्षणं, शवविच्छेदन, कोर्टात साक्ष. मी ज्या महिन्यात तीन वेळा साक्षीला गेले, त्या महिन्यात गावाच्या दृष्टीने मी 'गायब'च होते.

दुसरी मेख कारभाराची. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, ज्यांना सगळे 'सीएस' म्हणतात. हे दोघेही सार्वजनिक आरोग्य विभागाचे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय मात्र वेगळ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षण विभागाचं. त्यामुळे गावाने कोणाकडे तक्रार करायची हेच कळत नाही, आणि एका दारावरून दुसऱ्या दारावर जाण्यात महिने जातात.

चौकशी करायचीच तर तीन आकडे वेगवेगळे मागा: मंजूर पदं किती, भरलेली किती आणि आज प्रत्यक्ष कामावर किती. माहितीच्या अधिकारात तिसरा आकडा मागितला की खरं उत्तर बाहेर येतं.

एकच तज्ज्ञ मिळाला तरी काम चालणार नाही का?

नाही. सिझर करायला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूल द्यायला भूलतज्ज्ञ लागतो, आणि बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ लागतो. रक्ताची सोयही लागते. यातलं एक जरी माणूस नसेल तर बाकीच्यांचं असणं जवळजवळ फुकट जातं.

एका रात्री माझ्या केंद्रात एक बाई आली. पहिलटकरीण, मूल अडलेलं. मी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ हजर होत्या, ऑपरेशन थिएटर होतं, भूल द्यायला कोणी नव्हतं. तिला पुढे सिव्हिलला हलवलं. आई वाचली. बाळ वाचलं नाही. त्या तज्ज्ञ मॅडमनी वर्षभरात दुसरीकडे बदली मागून घेतली, कारण शिकलेलं काम करताच येत नव्हतं. गावात याची बातमी 'मॅडम पळाल्या' अशी झाली. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

यावर उपाय म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूलकौशल्याचं १८ आठवड्यांचं आणि तातडीच्या प्रसूतिसेवेचं १६ आठवड्यांचं प्रशिक्षण देण्याचे कार्यक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानात सुरू झाले. कल्पना उत्तम. अडचण नेमणुकीची: भूल शिकून आलेल्या डॉक्टरला जिथे शस्त्रक्रिया होतच नाहीत अशा केंद्रात परत पाठवलं, तर सहा महिन्यांत हात विसरतो. प्रशिक्षणाला पाठवण्याआधीच त्याची पुढची जागा ठरलेली असायला हवी, आणि तीही जिथे सर्जन आहे तिथे.

बॉण्ड म्हणजे नक्की काय? तो भरावाच लागतो का?

सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची, हे ते बंधपत्र. पदव्युत्तर आणि अतिविशेषोपचार शिक्षणालाही असंच एकेक वर्ष आहे. सेवा न केल्यास महाराष्ट्रात दंड एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख आणि अतिविशेषोपचाराला २ कोटी असा राहिला आहे. अटी अधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या प्रवेशाच्या वर्षी तुम्ही सही केलेला कागद काढून वाचा. सीनियरने सांगितलेलं प्रमाण मानू नका. राज्यांनी घातलेली ही बंधनं सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात वैध ठरवली आहेत.

माझं मत विचाराल तर बॉण्ड योग्य आहे. लोकांच्या पैशावर शिकलो, एक वर्ष लोकांना द्यावं. पण बॉण्डवरच्या डॉक्टरच्या भरवशावर व्यवस्था उभी करणं चूक आहे. गावाला दरवर्षी नवा चेहरा दिसतो. क्षयरोगाचा किंवा रक्तदाबाचा पेशंट नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगतो, आणि वर्ष संपता संपता डॉक्टरचं निम्मं लक्ष पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेच्या, म्हणजे नीट-पीजीच्या पुस्तकात असतं. यात त्या पोराचा दोष नाही. केंद्रात राहून पुढे जायची वाट दिसत नसेल तर तो पुस्तकच धरणार.

मग केंद्रात राहून पुढे शिकायची वाट आहे का? इन-सर्व्हिस कोटा ऐकलाय.

आहे. सगळ्या चर्चेत मला ही एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हिचीच ओढाताण सर्वांत जास्त झाली आहे.

जुनी रचना अशी होती: पदव्युत्तर पदविकेच्या, म्हणजे डीजीओ (स्त्रीरोग), डीसीएच (बालरोग), डीए (भूल) यांच्या ५० टक्के जागा दुर्गम भागात सेवा केलेल्या सरकारी डॉक्टरांसाठी. शिवाय दुर्गम व अवघड भागातल्या प्रत्येक वर्षाच्या सेवेसाठी प्रवेश परीक्षेतल्या गुणांच्या १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के, वाढीव गुण. डॉक्टर तीन वर्षं पाड्यात काढायचा, दोन वर्षांत पदविका करून ग्रामीण रुग्णालयात परत यायचा. आज पन्नाशीत असलेले तालुक्यातले कितीतरी सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ याच वाटेने आलेले आहेत.

मग दोन गोष्टी घडल्या. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पदव्युत्तर पदवीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या जागांत वेगळा कोटा ठेवता येत नाही, फक्त वाढीव गुण देता येतात, असं ठरलं. आणि २०१९ पासून महाविद्यालयांना पदविकेच्या जागा परत करून त्याबदली एमडी-एमएसच्या जागा घेण्याची मुभा मिळाली. कागदावर ती बढतीच. पण पदविका गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या ५० टक्के जागाही गेल्या.

३१ ऑगस्ट २०२० ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडूच्या सरकारी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रकरणात आधीचा अर्थ बदलला आणि असा कोटा ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे असं सांगितलं. महाराष्ट्राने २०२२ मध्ये सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर प्रवेशात २० टक्के जागा ठेवल्या.

ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी रुजू झाल्या दिवसापासून कागद सांभाळावेत: रुजू अहवाल, सेवापुस्तकातल्या नोंदी, केंद्र दुर्गम किंवा अवघड क्षेत्रात असल्याचा आदेश, रजेचा हिशेब. प्रवेशाच्या आठवड्यात एका दाखल्यासाठी जिल्हा परिषदेच्या पायऱ्या चढणारे हुशार डॉक्टर मी पाहिले आहेत. सेवा झाली होती, पण नोंद नव्हती.

एमडी-एमएसला नंबर लागला नाही तर विशेषज्ञ व्हायचा दुसरा मार्ग?

डीएनबी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मेडिकल कॉलेजबाहेरच्या मान्यताप्राप्त रुग्णालयांतही चालतो, प्रवेश नीट-पीजीवरूनच. त्याच मंडळाने २०२० मध्ये दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या, त्यांत भूलशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, नेत्र, कान-नाक-घसा, रेडिओलॉजी, क्षयरोग व छातीचे विकार आणि फॅमिली मेडिसिन आहेत. जिल्हा रुग्णालयात हे अभ्यासक्रम चालले की दुहेरी फायदा होतो: सिव्हिलमध्ये रात्री निवासी डॉक्टर असतो, आणि तो जिथे शिकतो तिथल्याच आजारांवर शिकतो. सर्पदंश, सिकलसेल, कुपोषण ही वॉर्डात बघून शिकायची प्रकरणं आहेत.

आता एमडी-एमएस करणाऱ्यांनाही तिसऱ्या ते पाचव्या सत्रादरम्यान तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. काही निवासी डॉक्टर याला वनवास म्हणतात. माझं म्हणणं, नीट देखरेख मिळाली तर हे तीन महिने कॉलेजातल्या वर्षभरापेक्षा जास्त शिकवतात. देखरेख नसेल तर मात्र ते फक्त ड्युटीचे हात वाढवणं आहे.

बारावीनंतरची वाट थोडक्यात सांगा.

नीट-यूजी, मग सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय फेरीतून आणि ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. त्यातले १२ आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्राचे. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची. मग बॉण्ड.

रशिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्सहून एमबीबीएस केलं तर सरकारी नोकरी मिळते का?

मिळते, पण आधी अटी. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी. परत आल्यावर परदेशी पदवीधरांची परीक्षा पास व्हायची आणि इथेही १२ महिने इंटर्नशिप करायची. एजंट यातलं निम्मं सांगत नाही. घर गहाण ठेवण्याआधी त्या संस्थेची अट न अट तपासा.

आमच्या केंद्रातले डॉक्टर बीएएमएस आहेत. ते 'खरे' डॉक्टर नाहीत का?

असं बोलू नका. महाराष्ट्रात दुर्गम भागातली सेवा वर्षानुवर्षं बीएएमएस वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ओढली आहे. १०८ च्या रुग्णवाहिकेतही बहुधा तेच असतात. उपकेंद्रांत २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारी आले, आणि आपल्याकडे त्यांतही बीएएमएस पदवीधरांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन घेतलं गेलं. रक्तदाब-मधुमेहाची औषधं गावातच मिळू लागली हे त्यांचं काम. प्रश्न आहे तो त्यांच्या कंत्राटांचा आणि त्यांनी पाठवलेला पेशंट पुढे बघायला कोणी नसण्याचा.

पूर्वीसारखे तीन-चार वर्षांचे डॉक्टर परत का तयार करत नाहीत?

इंग्रजांच्या काळात लायसन्शिएट डॉक्टर होते. १९४६ च्या भोर समितीने ती शाखा बंद करून एकच 'मूलभूत डॉक्टर' असावा असं सुचवलं आणि तसंच झालं. गडचिरोलीच्या शेजारच्या छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून पाहिला. वैद्यकीय संघटनांच्या विरोधात तो लवकरच बंद पडला, पण शिकलेली मुलं ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून केंद्रांत नेमली गेली. नंतरच्या पाहणीत साध्या आजारांतलं त्यांचं काम एमबीबीएस अधिकाऱ्यांच्या तोडीचं आढळलं. मला ही गोष्ट विचारात घेण्यासारखी वाटते. मात्र त्यांनाही पुढे शिकायची वाट नव्हती, आणि ती नसेल तर आपण गावासाठी वेगळा, स्वस्त डॉक्टर बनवतो आहोत या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही.

आता जिल्ह्याजिल्ह्यात मेडिकल कॉलेज होतंय. प्रश्न सुटला ना?

९ ऑक्टोबर २०२४ ला एकाच दिवशी राज्यात दहा सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. गडचिरोलीचा पोरगा गडचिरोलीत डॉक्टर होऊ शकतो, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या भागात वाढलेला आणि तिथेच शिकलेला डॉक्टर तिथे राहण्याची शक्यता जास्त असते, हे जगभर दिसलं आहे.

पण बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयच कॉलेजला जोडलं जातं. इमारत तीच, पेशंट तेच, पाटी बदलते. प्राध्यापक आकाशातून पडत नाहीत. ते जुन्या कॉलेजमधून उचलले जातात, आणि तिथे खड्डा पडतो. २०२५ च्या नव्या नियमांत २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेल्या तज्ज्ञाला सहयोगी प्राध्यापक होता येईल अशी तरतूद झाली. काहींना यात दर्जा घसरण्याची भीती वाटते. सिव्हिलमध्ये दहा वर्षं सिझर केलेल्या बाईंनी शिकवायला काय हरकत आहे, असं मला वाटतं.

पाटी पुरेशी नसते हे नांदेडने दाखवलं. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि चर्चा औषधांबरोबर रिक्त पदांवर आली. आजूबाजूच्या तालुक्यांतून शेवटच्या घटकेला पाठवलेली बाळं एकाच वॉर्डात येतात, तेव्हा तो वॉर्ड फुटतोच. त्या बाळांचा प्रवास तालुक्यातल्या रिकाम्या खुर्चीपासून सुरू झालेला असतो.

पगार तर चांगला असतो. मग डॉक्टर टिकत का नाहीत?

नियमित गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५६,१०० पासून सुरू होतं, वर भत्ते. पगार हे पहिलं कारण नसतं. माझ्या बरोबरीचे जे सोडून गेले त्यांनी सांगितलेली कारणं अशी: क्वार्टरला पाणी नाही, छत गळतं. नवरा किंवा बायको दुसऱ्या जिल्ह्यात. मुलांची शाळा. कंत्राटाचं नूतनीकरण होईल की नाही याची टांगती तलवार. दुसरा अधिकारी नसल्यामुळे चोवीस तास ड्युटी. आणि मारहाणीची भीती. डॉक्टरांवरील हिंसेविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण रात्री दोन वाजता जमाव येतो तेव्हा केंद्रात एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक शिपाई असतात.

एक कारण कोणी लिहून देत नाही: एकटेपणा. अवघड पेशंटबद्दल विचारायला कोणी नाही, चुकलं तर सांगायला कोणी नाही.

पण बंग, कोल्हे, आरोळे यांनी केलंच ना?

केलं, आणि त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम उभं केलं, डॉ. अभय आणि राणी बंग गडचिरोलीत १९८६ पासून आहेत, डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला राहिले. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे, की त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं आणि स्वतःभोवती माणसं जोडली. 'तुम्ही का नाही त्यांच्यासारखं करत?' असं तेवीस वर्षांच्या बॉण्डवरच्या मुलीला विचारू नका. राज्यात अठराशेहून अधिक केंद्रं आहेत. तितके कोल्हे मिळणार नाहीत. तिथे साध्या माणसाला साधं आयुष्य जगता आलं पाहिजे.

गाव म्हणून आम्ही काय करू शकतो?

रुग्ण कल्याण समितीच्या सभेला जा. तिच्याकडे थोडा निधी असतो आणि क्वार्टरची दुरुस्ती, पाण्याची मोटर त्यातून होऊ शकते. डॉक्टर रुजू झाला की पहिल्या आठवड्यात सरपंच आणि आशाताईंनी भेटायला जावं, तक्रार घेऊन नव्हे. आणि पेशंट पुढे पाठवायला सांगितलं तर घासाघीस न करता न्यावा.

मी उद्या केंद्रात रुजू होतेय. पहिल्या दिवशी काय करू?

आधी प्रसूतिगृहातल्या सर्वांत जुन्या सिस्टरकडे बसा. तुमच्यापेक्षा जास्त बाळंतपणं त्यांनी केली आहेत. त्यांच्याबरोबर आपत्कालीन ट्रे उघडा: अ‍ॅड्रिनलिन, अ‍ॅट्रोपिन, मॅग्नेशियम सल्फेट आहे का, ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये आहे का, सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या कुप्या किती आणि त्यांची मुदत कधीपर्यंत. ऑक्सिजनचं सिलिंडर स्वतः उघडून बघा, आणि त्याची चावी कुठे टांगलेली असते ते विचारा. बाळाच्या तोंडावर बसणारी अंबू बॅग दाबून बघा. मग फोनमध्ये चार नंबर घाला: ग्रामीण रुग्णालयातले तज्ज्ञ, सिव्हिलचा लेबर रूम, रक्तपेढी आणि जवळच्या १०८ चा चालक. भूलतज्ज्ञ आठवड्यातले कोणते दिवस असतो तेही त्याच दिवशी विचारून ठेवा, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा, म्हणजे रात्री दोन वाजता तुम्ही पेशंट कुठे पाठवायचा हे सिस्टरलाही ठाऊक असेल.